टेकडीवरचे घर विकणे आहे!

कलावंताचे घर. नामवंत वास्तुविशारदाने रेखाटलेले. राहणे आणि काम करणे एकाच आवारात. उंच छताचा स्टुडिओ, उत्तरेचा उजेड, खाली पसरलेले शहर. टेकडीवर. विकणे आहे.

अशा थाटाच्या जाहिराती अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात वर्षभर झळकत असतात. किमतीचा आकडा आम्ही येथे देत नाही. आमच्या वाचकांच्या पगारपत्रकाशी त्याचा मेळ बसणार नाही. पण या जाहिरातींत एक गोष्ट कधीच छापली जात नाही. ती टेकडी आणि त्या टेकडीवरचे घर एके काळी कुणाला विकायचे नाही असे ठरले होते, ही ती गोष्ट. आजचा लेख तिच्याबद्दल आहे.

त्याआधी त्या "राहणे आणि काम एकाच आवारात" या शब्दांविषयी थोडेसे. उच्चभ्रू मासिके ही कल्पना मोठ्या कौतुकाने मांडतात, जणू काही तिचा शोध कालपरवाच लागला. आमच्या गावगाड्यात बलुतेदाराचे घर दुसरे कसले होते? कुंभाराच्या अंगणात चाक आणि परसात आवा. चांभाराच्या ओसरीवर आरी आणि रापी. बुरुडाच्या दारात बांबूच्या कांबी. धारावीचा कुंभारवाडा याच रीतीने वसला. फरक इतकाच की तेथे उत्तरेचा उजेड कुणी मोजला नाही आणि त्या घरांची चित्रे गुळगुळीत कागदावर छापली गेली नाहीत. असो. कलावंताला कामाची स्वतंत्र जागा लागते, ही गरज मात्र खरी आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या कलावंत दांपत्याने १९४९ साली लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात समुद्रावरच्या उंचवट्यावर बांधलेले घर या प्रकारचा जगप्रसिद्ध नमुना आहे. लोखंडी सांगाड्याच्या दोन इमारती. एकीत राहायचे, दुसरीत काम करायचे, मध्ये छोटे अंगण. हेच दांपत्य पुढे भारत सरकारच्या आमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ साली त्यांनी जो अहवाल दिला त्यातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचे केवढे कौतुक आहे! त्या लोट्याचे पाणी कुणाच्या ओंजळीत वरून ओतले जात होते, हे अर्थातच त्या पाहुण्यांना कुणी सांगितले नसणार.

आता टेकडीकडे वळू. सिनेमात आपण सर्वांनी पाहिलेली, डोंगरावर उभी असलेली 'हॉलिवूड' ही पांढरी प्रचंड अक्षरे मुळात कशासाठी उभारली गेली? सिनेमाच्या गौरवासाठी नव्हे. १९२३ साली त्या डोंगरउतारावर प्लॉट पाडून विकणाऱ्या कंपनीची ती जाहिरात होती. तेव्हा अक्षरे तेरा होती, शब्द होता 'हॉलिवूडलँड', आणि रात्री त्यावर विजेचे दिवे लागत. दीड वर्षात प्लॉट विकले जातील, मग फलक काढून टाकू, असा बेत होता. फलक राहिला. शेवटची चार अक्षरे १९४९ साली काढण्यात आली. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध फलक हा डोंगरावरची जागा विकणे आहे, एवढेच सांगणारा फलक आहे! आणि ती जागा फक्त गोऱ्यांना विकायची होती.

हे कुणाच्या मनातले नव्हते, कागदावर होते. लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवरील आणि सपाटीवरीलही शेकडो वसाहतींच्या खरेदीखतांत एक अट असे. गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणाही व्यक्तीला ही जागा विकू नये, भाड्याने देऊ नये, राहू देऊ नये. कृष्णवर्णीय, चिनी, जपानी, मेक्सिकन आणि कितीतरी ठिकाणी ज्यूसुद्धा या यादीत बसत. अशा अटीत बहुधा एक अपवाद जोडलेला असे. घरकामाला ठेवलेले नोकर राहिले तर चालतील! वाचकहो, हे वाचून आपल्याला काही नवीन वाटणार नाही. वाड्यात झाडायला चालतो, वाड्यात राहायला चालत नाही, हे शास्त्र आपण पिढ्यानपिढ्या शिकलो आहोत.

या अटीमागचा कायद्याचा खेळही पाहण्यासारखा आहे. कोणत्या वंशाने कोणत्या गल्लीत राहावे हे नगरपालिकेने ठरवू नये, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली दिला. झाले! सरकारला जे करता येत नाही ते शेजाऱ्यांनी आपापसांत कराराने करायचे, अशी पळवाट निघाली. १९२६ साली त्याच न्यायालयाने या खासगी करारांना हात लावण्याचे नाकारले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९१९ साली एक असा निवाडा दिला की तो वाचून हसावे की रडावे कळत नाही. गॅरी नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थाने लॉस एंजेलिसमध्ये अशी अट असलेली जागा घेतली होती. जागा विकण्यावर बंदी घालणारी अट अवैध, असे न्यायालय म्हणाले. पण जागेत राहण्यावर बंदी घालणारी अट वैध! म्हणजे काळ्या माणसाने घर विकत घ्यावे, पैसे मोजावेत, कर भरावा, फक्त त्या घरात राहू नये.

या पार्श्वभूमीवर पॉल आर. विल्यम्स या माणसाची कहाणी आमच्या प्रत्येक वाचकाने आपल्या मुलांना सांगावी अशी आहे.

जन्म १८ फेब्रुवारी १८९४, लॉस एंजेलिस. वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघेही क्षयाने गेले. दुसऱ्या एका माऊलीने त्याला वाढवले, शिकवले. शाळेत त्याने आर्किटेक्ट व्हायचे आहे असे सांगितले तेव्हा शिक्षकाने त्याला समजावले की, गोरे लोक तुझ्याकडे येणार नाहीत आणि तुझ्या लोकांना आर्किटेक्ट परवडणार नाही. असे शिक्षक जगाच्या पाठीवर सगळीकडे सारखेच असतात. त्यांचा हेतू कधी वाईट नसतो. ते आपले "व्यवहाराचे" सांगत असतात. विल्यम्सने त्यांचे ऐकले नाही. तो अभियांत्रिकी शिकला, १९२१ साली परवाना मिळवला आणि १९२३ साली अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचा पहिला कृष्णवर्णीय सभासद झाला.

गिऱ्हाईक गोरे. टेबलाच्या पलीकडे बसलेले. काळ्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला अनेकांना अवघड वाटे. मग विल्यम्सने एक विद्या कमावली. तो उलटे रेखाटायला शिकला. आपल्या बाजूला बसून तो अशी रेघ ओढी की पलीकडे बसलेल्या गिऱ्हाईकाला चित्र सुलटे दिसावे. दिवाणखाना, जिना, खिडक्या त्याच्या डोळ्यांसमोर उमटत जात आणि त्याला जागचे उठावे लागत नसे. लोक या गोष्टीला त्याचे कसब म्हणून टाळ्या देतात. कसब तर होतेच! पण शेजारी बसण्याचा विटाळ टाळण्यासाठी एका माणसाला आपला हात उलटा चालवायला शिकावे लागले, हे त्या टाळ्यांत बुडून जाते. बांधकामाच्या जागेवर तो हात पाठीमागे बांधून चाले. समोरच्या गोऱ्याला हस्तांदोलन करायचे नसेल तर त्याची पंचाईत होऊ नये म्हणून. शिवाशिव हा शब्द इंग्रजीत नाही म्हणतात; तेथे तो शब्दाविना चालत होता.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ई. एल. कॉर्ड हा मोटारींचा मोठा कारखानदार बेव्हर्ली हिल्समध्ये हवेली बांधणार होता. इतर आर्किटेक्टांनी प्राथमिक आराखड्यासाठी दोन-तीन आठवडे मागितले. विल्यम्सने दुसऱ्या दिवशी दुपारी आराखडा देतो असे सांगितले आणि न जेवता, न झोपता बावीस तास बसून तो दिला. काम त्याला मिळाले. हे वाचून कुणी म्हणेल, पाहा, गुणवत्तेला मरण नाही! आम्ही विचारतो, जे काम गोऱ्याला तीन आठवड्यांत करून मिळते तेच काळ्याने बावीस तासांत करायचे, तर त्या उरलेल्या दिवसांचा हिशेब कोणाकडे मागायचा? आमच्या मुलांना दुप्पट अभ्यास कर, तिप्पट मेहनत कर, असे आपण सांगतो, तेव्हा आपणही त्यांच्या आयुष्यातले दिवस असेच देऊन टाकत असतो. सांगावे लागते, हे खरे.

विल्यम्सने आयुष्यात सुमारे तीन हजार इमारतींचे काम केले. त्यांत सिनेनटांची घरे कितीतरी. फ्रँक सिनात्राचे घर त्याचे, लुसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांचे पाम स्प्रिंग्जचे घर त्याचे. टेकड्यांवरच्या प्रशस्त हवेल्या, वळणदार जिने, बागेत उघडणारे दिवाणखाने ही त्याची खूण. आणि १९३७ साली 'अमेरिकन मॅगझिन'मध्ये त्याने स्वतःविषयी लेख लिहिला, त्यात स्वच्छ सांगून टाकले की, जगातल्या सर्वांत सुंदर वस्त्यांपैकी एका वस्तीतील घराचा आराखडा मी आज दिवसभर काढला. तसे घर मला परवडेलही. पण संध्याकाळी मी परतलो तो माझ्या साध्या वस्तीतल्या लहानशा घरात, कारण मी निग्रो आहे. लेखाचे शीर्षकच 'मी निग्रो आहे' असे होते. त्या काळी हा शब्द चाले. स्वतःसाठी घर बांधायला त्याला १९५० चे दशक उजाडावे लागले, तेही टेकडीवर नव्हे, सपाटीवरच्या एका पूर्वी गोऱ्यांसाठी राखलेल्या वसाहतीत.

येथे राजगृहाची आठवण होणे अपरिहार्य आहे. विल्यम्स अभियांत्रिकीकडे वळत होता त्याच वर्षांत, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हार्लेमपासून हाकेच्या अंतरावर. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर गेले आणि त्यांना राहायला खोली मिळाली नाही, हा इतिहास आम्ही येथे पुन्हा सांगत नाही. पण १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले, तेव्हा त्या घराच्या रचनेत स्वतः लक्ष घातले. खाली कुटुंब, वर ग्रंथालय आणि कार्यालय. ग्रंथांसाठी घर, आणि घरात माणसे! "राहणे आणि काम एकाच छताखाली" म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने कॅलिफोर्नियाला जाण्याची गरज नाही.

वर्णबंदी हा केवळ शेजाऱ्यांचा दुष्टपणा होता असे कुणी समजू नये. त्यामागे सरकारी तिजोरी होती. १९३४ साली स्थापन झालेली संघराज्य गृहनिर्माण यंत्रणा घरकर्जाला हमी देई. तिच्या नियमपुस्तिकेत वस्ती एकाच वंशाची ठेवणाऱ्या अटींची शिफारस होती. वस्तीत काळे कुटुंब आले की जोखीम वाढली, असा हिशेब. हमी नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून घर नाही.

हा हिशेब कलावंतांनाही कसा नडला याचे एक उदाहरण आहे. वॉलेस स्टेग्नर हा अमेरिकेचा नामांकित कादंबरीकार. १९४० च्या दशकात तो स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवायला आला तेव्हा तेथे घरांची टंचाई होती. प्राध्यापक, कारकून, सुतार, नर्सा अशा माणसांनी सहकारी संस्था काढली, विद्यापीठालगतच्या टेकड्यांत २६० एकरांचे एक रान घेतले आणि चारशे घरांची योजना आखली. पहिल्या दीडशे सभासद कुटुंबांत तीन कुटुंबे कृष्णवर्णीय होती. दीडशेत तीन! बँकांनी कर्ज नाकारले, कारण सरकारी हमी मिळेना. आणि हमी मिळेना, कारण ती तीन कुटुंबे. स्टेग्नर त्या तिघांच्या बाजूने उभा राहिला. संस्थेने मग तडजोड म्हणून निसटत्या बहुमताने ठरवले की, राज्याच्या लोकसंख्येत काळ्यांचे जे प्रमाण आहे त्याहून जास्त सभासद घेणार नाही. सरकारला तेही चालले नाही. अखेर संस्था मोडली, १९५० साली जमीन एका खासगी बिल्डरला विकली गेली, आणि त्याने त्याच सरकारी हमीवर तेथे फक्त गोऱ्यांसाठी घरे बांधली. सज्जन माणसे बहुमताने आपल्या तत्त्वाची किंमत थोडी कमी करतात, आणि समोरचा ती कमी केलेली किंमतही द्यायला तयार नसतो. सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभांना बसलेल्या आमच्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल.

ही भिंत फोडली ती एका नटीच्या घरावरून झालेल्या खटल्याने आणि तिच्यासारख्या अनेकांच्या खटल्यांनी. हॅटी मॅकडॅनियल ही ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत. १९४० साली तिला तो 'गॉन विथ द विंड'मधील मोलकरणीच्या भूमिकेसाठी मिळाला आणि त्या समारंभातही तिला बाजूच्या वेगळ्या टेबलावर बसवले होते. पुढे तिने लॉस एंजेलिसच्या वेस्ट अॅडम्स हाइट्स भागात प्रशस्त घर घेतले. कृष्णवर्णीय कलावंत आणि व्यावसायिक तेथे येऊ लागले तेव्हा लोकांनी त्या वस्तीला 'शुगर हिल' नाव दिले. काही गोऱ्या शेजाऱ्यांनी खरेदीखतातली अट काढली आणि ही माणसे हाकलून द्या म्हणून कोर्टात गेले. लॉरेन मिलर हे वकील तिच्या आणि तिच्या शेजाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाचा आधार घेऊन दावा फेटाळला. मग ३ मे १९४८ रोजी शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा अटी लोकांनी करारात लिहिल्या तरी कोणत्याही न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी करायची नाही, कारण न्यायालय म्हणजे सरकार. त्या दिवशी नऊपैकी तीन न्यायमूर्ती बाजूला राहिले. कारण त्यांनी सांगितले नाही. त्यांची स्वतःची घरे अशाच अटींच्या वस्तीत असावीत, असे अभ्यासकांना वाटते!

मॅकडॅनियल १९५२ साली वारली. हॉलिवूडच्या दफनभूमीत आपल्याला पुरावे अशी तिची इच्छा होती. दफनभूमीने नकार दिला. घराचा खटला जिंकलेल्या बाईला सहा फूट जमीन मिळाली नाही. आणि शुगर हिलचे काय झाले? १९६० च्या दशकात तिच्यामधून महामार्ग नेण्यात आला.

येथे एक भारतीय निकाल शेजारी ठेवून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते. अहमदाबादमधील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीत सभासदत्व फक्त पारशांना, अशी अट होती. २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट वैध ठरवली. संस्था स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेऊन. आम्हाला पारशी बांधवांविषयी काहीही म्हणायचे नाही. लहानशा समाजाची आपले टिकवण्याची धडपड आम्ही समजू शकतो. पण ही पळवाट एकदा उघडली की तिच्यातून कोण कोण आत शिरेल? मुंबईत "शुद्ध शाकाहारी कुटुंबास प्राधान्य" अशी पाटी लावणाऱ्याला आडनाव विचारण्याचीही गरज उरत नाही. अमेरिकेत १९४८ साली न्यायालयाने जो दरवाजा बंद केला तो आपल्याकडे २००५ साली किलकिला झाला, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

१९४८ च्या निकालाने अट मेली, पण माणसे मेली नाहीत. इस्टेट एजंट होते, बँका होत्या. कॅलिफोर्नियाने १९६३ साली घरविक्रीत भेदभाव करू नये असा कायदा केला, तर पुढच्याच वर्षी तो रद्द करण्यासाठी सार्वमत घेण्यात आले आणि सुमारे पासष्ट टक्के मतदारांनी तो रद्द केला! न्यायालयांनी मग ते सार्वमतच घटनाबाह्य ठरवले. १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्का मारला. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर एका आठवड्यात, एप्रिल १९६८ मध्ये, देशव्यापी कायदा झाला.

या गदारोळाच्या काळातच बेटी सार या कृष्णवर्णीय चित्रकर्तीने लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यनमध्ये, डोंगरउतारावर, घर घेतले. साल १९६२. तेच घर, तोच स्टुडिओ, तेथेच तिन्ही मुली वाढवणे. अगदी जाहिरातीतले शब्द, पण जगण्यात उतरलेले. लहानपणी आजीकडे वॉट्स वस्तीत जाताना तिने सायमन रोडिया या गवंडीकाम करणाऱ्या माणसाला फुटक्या कपबशा, बाटल्या आणि शिंपले सिमेंटात बसवून उंच मनोरे उभारताना पाहिले होते. तीही जुन्या बाजारातून टाकलेल्या वस्तू आणी. काळ्या माणसांची टिंगल करणाऱ्या बाहुल्या, डबे, जाहिरातींची चित्रे. १९७२ साली तिने पॅनकेकच्या पिठाच्या जाहिरातीतली हसरी काळी मोलकरीण आंट जेमिमा घेतली आणि तिच्या एका हातात झाडू ठेवून दुसऱ्या हातात बंदूक दिली. तीच मोलकरीण, जिला नोकर म्हणून टेकडीवर राहायची सवलत खरेदीखतात दिलेली होती. ही कृती टेकडीवरच्या घरात घडली, याला आम्ही महत्त्व देतो. योगायोग म्हणा की त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर जन्मली.

आता पुन्हा जाहिरातीकडे. आज लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचे एखादे जुने घर विकायला निघाले आणि ते पॉल विल्यम्सचे असले, तर त्याचे नाव मथळ्यात येते. नावाने किंमत चढते. २०१७ साली, त्याच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी, वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. १९९२ च्या दंगलीत एका बँकेची इमारत जळाली, तेथे त्याची कागदपत्रे होती. सर्व आराखडे गेले अशी समजूत अनेक वर्षे होती. पण सुमारे ३५,००० आराखडे त्याच्या नातीने जपले होते, ते २०२० साली गेटी संशोधन संस्था आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने मिळून घेतले. चांगली गोष्ट झाली. घरच्या बाईने जपले म्हणून उरले. आपल्याकडच्या शाहिरांच्या वह्यांचे असेच झाले आहे, जेथे झाले तेथे.

दुसरीकडे कॅलिफोर्नियाने २०२१ साली आणखी एक कायदा केला. जुन्या खरेदीखतांतील वर्णबंदीच्या अटी नोंदणी कार्यालयांनी शोधून काढायच्या आणि त्यांवर काळी शाई फिरवायची. हेतू चांगला आहे. घर घेणाऱ्या काळ्या कुटुंबाला आपल्याच दस्तावर आपल्याला बंदी असल्याचे वाचावे लागू नये, हे बरोबरच आहे. परंतु आम्हाला असे वाटते की, दस्तातून अट पुसली जाते आणि जाहिरातीत नाव तेवढे चमकते, तेव्हा मधला माणूस हरवतो. विल्यम्सच्या नावावर दोन पैसे जास्त घ्यायचे असतील तर त्याच जाहिरातीत खाली एक ओळ छापावी: या घराचा आर्किटेक्ट या घरात राहू शकत नव्हता. गिऱ्हाईक पळणार नाही. पळाले तर ते कोण होते हे तरी कळेल.

ही सगळी जुनी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी आल्टाडेना. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगराच्या पायथ्याशी, उतारावर वसलेले गाव. टेकड्यांवरचे इतर दरवाजे बंद असताना १९५० आणि १९६० च्या दशकांत लेक अॅव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे मिळू लागली. शिक्षक, टपाल कर्मचारी, परिचारिका, आणि कलावंत. थोर चित्रकार चार्ल्स व्हाइट १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथे राहायला आला आणि १९७९ साली मरेपर्यंत तेथला राहिला. ओटिस कलासंस्थेत त्याने शिकवलेल्यांत डेव्हिड हॅमन्स आणि केरी जेम्स मार्शल होते. त्याच्या नावाचे उद्यान तेथे आहे. आर्किटेक्ट ग्रेगरी एन याने १९४० च्या दशकात मध्यमवर्गासाठी आखलेली २८ घरांची वसाहतही याच गावात. आल्टाडेनातील तीन चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती. अमेरिकेत हे प्रमाण दुर्मिळ होते.

७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी ईटन दरीत आग लागली. ९,४०० हून अधिक इमारती जळाल्या, १९ माणसे गेली. गाव सोडण्याचा आदेश पूर्व भागाला संध्याकाळीच मिळाला. लेक अॅव्हेन्यूच्या पश्चिमेला तो पोहोचला मध्यरात्रीनंतर, पहाटे तीनच्या पुढे. मेलेल्यांपैकी जवळजवळ सर्व जण पश्चिमेचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांच्या पाहणीनुसार आल्टाडेनातील ४८ टक्के कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे नष्ट झाली किंवा त्यांचे मोठे नुकसान झाले. इतरांत हे प्रमाण ३७ टक्के होते. एनच्या २८ घरांपैकी बहुतेक गेली.

राख थंड होण्याआधी फोन सुरू झाले. जागा विकता का? रोख देतो. अनेक घरांचे कर्ज केव्हाच फिटले होते, म्हणून बँकेने सक्तीने करायला लावलेला विमाही नव्हता किंवा अपुरा होता. अनेक दस्तांवर अजून आजीचे नाव होते. वारसांना आधी कोर्टातून नाव चढवायचे, मग मदतीचा अर्ज करायचा, मग बांधकामाचा परवाना. तोपर्यंत भाड्याच्या खोलीत दिवस काढायचे. काही जणांनी जागा विकल्या, आणि घेणाऱ्यांत माणसांच्या नावांपेक्षा कंपन्यांची नावे पुष्कळ. जे विकत नव्हते त्यांनी जळालेल्या अंगणांच्या कडेला, धुराड्यांचे तेवढे खांब उभे असलेल्या प्लॉटांपुढे, फलक रोवले. 'हॉलिवूड'च्या अक्षरांपुढे अगदी लहान, हाताने उचलता येतील असे. त्यांवर लिहिले होते: आल्टाडेना विकणे नाही.